मागून घेतलेले पाणी

झावळ्यांच्या रविवारच्या आधीचे शुक्रवार-शनिवार आपल्या धर्मग्रामातील आम्ही पाच जण सायकली घेऊन जव्हार-मोखाड्याच्या डोंगरात जाऊन आलो. रविवारची मिस्सा चुकायला नको म्हणून शनिवारी रात्रीच परतलो. शुक्रवारची क्रुसाची वाट मात्र चुकली, हे कबूल करतो. दुसऱ्या दिवशी चर्चच्या आवारात अनेकांनी विचारपूस केली, "या वयात एवढा घाट?" म्हणून पाठही थोपटली. ती थाप घेताना आम्हाला जरा अवघडल्यासारखे झाले. का झाले, ते सांगावे असे वाटले, म्हणून हा लेख.

कोपरीहून पहाटे साडेतीनला निघालो. माजिवडा, खारेगाव, माणकोली, पडघा हा नाशिक महामार्गाचा पट्टा सायकलवाल्यांसाठी नाहीच. मागून कंटेनर येतो तेव्हा जपमाळ आपोआप आठवते! उजाडता उजाडता आसनगावच्या पुढे डावीकडे माहुलीचे सुळके दिसू लागले आणि जीव भांड्यात पडला. शहापूर, आटगाव, खर्डी करत दहाच्या सुमारास कसारा गाठले. ज्यांनी आगगाडीने नाशिकचा प्रवास केला आहे त्यांना ठाऊक असेल की, कसाऱ्याला गाडी थांबते आणि तिला मागून आणखी इंजिने जोडतात. पुढचा थळ घाट ३७ फुटांना एक फूट असा चढतो. १८६५ मध्ये लोहमार्ग झाला तेव्हापासून त्या चढापुढे एकटे इंजिन हात टेकते. म्हणजे एवढ्या मोठ्या गाडीलाही मागून ढकलावे लागते, मग आम्ही चढावर उतरून सायकल हातात धरली तर त्यात लाज कसली? असे एकमेकांना समजावत आम्ही घाटाच्या वाटेला न जाता कसाऱ्याजवळून डावीकडे विहीगाव-खोडाळ्याचा रस्ता धरला.

हा रस्ता सुंदर आहे, यात वाद नाही. साग निष्पर्ण झालेला, पळसाचा बहर ओसरत आलेला, अधूनमधून मोहाच्या फुलांचा गोड, जडसर वास. वाहन क्वचितच. चढ, उतार, वळण, पुन्हा चढ. वैतरणा ओलांडून मोखाडा तालुक्यात शिरेपर्यंत दुपार झाली आणि आमच्या सगळ्यांच्या बाटल्या कोरड्या पडल्या. कसाऱ्याला भरून घ्यायला हव्या होत्या. गप्पांच्या नादात राहून गेले.

रस्त्याच्या कडेला पाच-सात घरांचा एक पाडा लागला. अंगणात मोहाची फुले वाळत घातली होती. दारात एक बाई बसल्या होत्या. आम्ही म्हटले, "मावशी, पाणी मिळेल का?" त्या काही न बोलता आत गेल्या आणि तांब्या भरून घेऊन आल्या. मग दुसरा, मग तिसरा. पाणी गार होते. आम्ही पोटभर प्यायलो, तोंडावर मारले आणि कुणीतरी सहज म्हणाले, "बाटल्याही भरून घेऊ या." प्रत्येकाच्या दोन, अशा दहा बाटल्या. मावशींनी हंडा बाहेर आणून त्या स्वतः भरून दिल्या.

आम्ही निघणार तेवढ्यात त्यांची मुलगी चढावरून आली. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर दोन हंडे, एकावर एक. वय चौदा-पंधरा असेल. विहीर कुठे आहे, असे आम्ही विचारले. तिने मानेनेच खाली दरीकडे दाखवले. एका फेरीला किती वेळ लागतो? "एक तास. विहिरीत झरा बारीक झालाय, वाटीने भरावं लागतं."

आम्ही मनातल्या मनात हिशेब केला. पिऊन आणि भरून मिळून दहा लिटरच्या वर पाणी आम्ही घेतले होते. म्हणजे जवळजवळ एक हंडा. त्या मुलीच्या फेरीतला अर्धा वाटा आमच्या सायकलींना लटकत होता.

आमच्यातील एकाने शंभराची नोट पुढे केली. मावशींनी हात मागे घेतला. "पाण्याचं कसलं पैसं?" एवढेच म्हणाल्या, रागाने नव्हे, हसून. नोट परत खिशात गेली आणि आम्ही निघालो. त्यानंतर खोडाळा येईपर्यंत, आणि रात्री मुक्कामी डाळ-भात खातानाही, आमचा वाद चालू राहिला. मावशींनी जे दिले ते आम्ही घ्यायला हवे होते का?

आमच्यातील एकाचे मत स्पष्ट होते: मुळात मागायलाच नको होते. ज्याला हौसेने डोंगर चढायचा आहे त्याने आपले पाणी आपण वाहावे. दुसऱ्याचे म्हणणे, पैसे बळेच ठेवून यायला हवे होते. त्यांचा संकोच हा आमच्यासाठी सबब होता. तिसऱ्याला हे पटेना. पैसे दिले असते तर आम्ही गिऱ्हाईक झालो असतो आणि त्या दुकानदार. त्यांनी तर आम्हाला पाहुणे मानले होते. गरिबाला फक्त घेणारा समजायचे आणि देण्याचा मान तेवढा आपल्याकडे ठेवायचा, हाही एक अहंकारच नाही का? आपल्या प्रभूने शोमरोनी स्त्रीकडे पाणी मागितले, तेव्हा त्याच्याजवळ पाणी काढायला काही नव्हते आणि त्याने ते लपवले नाही.

तिन्ही मतांत काहीतरी खरे आहे, पण आमचे समाधान एकानेही झाले नाही. गाडीने गेलो असतो तर हा प्रश्न उद्भवलाच नसता. कसाऱ्याला बाटलीबंद पाणी घेतले असते, काच वर केली असती आणि तो पाडा अर्ध्या मिनिटात मागे पडला असता. सायकलीने आम्हाला मागायला लावले. हे तिचे मोठेपण असे आम्हाला वाटते. पण तेवढ्यावर आपली सुटका करून घेणे बरोबर नाही. आम्ही चढ निवडला होता. वर्षातून एकदा, चांगल्या गिअरच्या सायकलीवर, घरी परतण्याच्या खात्रीसह. त्या मुलीने काहीच निवडले नव्हते. प्रायश्चित्तकाळातला त्याग म्हणून आम्ही आमच्या घामाकडे पाहत होतो आणि तिचा घाम कुणाच्याच हिशेबात नव्हता.

रात्री उशिरा, सगळे थकून गप्प झाल्यावर, आमच्यातील सर्वांत कमी बोलणाऱ्याने एक गोष्ट वेगळी काढली. तो म्हणाला, "पिणे आणि भरणे यांत फरक आहे." तहान लागली आणि प्यायलो, ते दान होते, तहानलेल्याला नाही म्हणणार नाही, हे मावशींनाही माहीत होते आणि आम्हालाही. दहा बाटल्या भरल्या, त्या तहानेसाठी नव्हे तर पुढे लागलीच तर असावे म्हणून. त्या क्षणी आम्ही पाहुण्यांचे साठेबाज झालो. मावशी तेव्हाही नाही म्हणाल्या नाहीत, कारण पाहुण्याला अडवायची त्यांच्याकडे रीत नाही. त्या रीतीचा आम्ही फायदा घेतला. रानात इस्राएली लोकांना मान्ना मिळाला तेव्हाही नियम हाच होता: त्या दिवसापुरता घ्यावा. उद्यासाठी ठेवलेल्याला किडे पडत.

हे पटल्यावर झोप लागायला हवी होती, पण विषय तिथे संपत नव्हता. कारण ज्या डोंगरात आम्ही झोपलो होतो त्याच डोंगरांचे पाणी आपण कोपरीत रोज पितो. मुंबईसाठी तानसा तलाव १८९२ मध्ये झाला, मोडक सागर १९५०च्या दशकात, मग अप्पर वैतरणा आणि भातसा, आणि २०१४ मध्ये मध्य वैतरणा. ठाण्याच्या नळांतही भातसाचे पाणी येते. या भागात पाऊस शंभर इंचांच्या आसपास पडतो. पण खाली काळा कातळ, पाणी मुरत नाही, उतारावरून धावत सुटते. धरणाने अडवलेले आपल्याकडे येते, न अडवलेले समुद्राला मिळते आणि पाड्यावरची विहीर मार्चमध्येच तळ गाठते. ज्या शहापूर तालुक्यात तानसा आणि भातसा आहेत तिथल्या गावांना दर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, हे आपण वर्तमानपत्रात वाचतो आणि पान उलटतो.

म्हणजे त्या दारात आम्ही पहिल्यांदा पाणी घेतले असे नाही, पहिल्यांदा मागून घेतले. एरवी नळ सोडतो, कुणाला विचारत नाही. शहराने पाणी घेऊच नये, असे आम्ही म्हणत नाही. लाखो माणसांची तहानही खरीच आहे. पण शहरही पिते किती आणि भरून ठेवते किती? सकाळी सोसायटीच्या आवारात गाड्या धुतल्या जातात, गच्चीवरची टाकी वाहून जाते, तेव्हा ते पिणे नसते. आमच्या पाचांपैकी दोघांकडे गाडी आहे आणि दोघेही ती पाइपाने धूत आले आहेत. आता बादलीने पुसतात. यातले एक थेंबही पाणी त्या मावशींपर्यंत पोहोचणार नाही, हे आम्हाला कळते. तरी पाइप हातात धरवत नाही.

पावसाळ्यानंतर पुन्हा त्याच रस्त्याने जायचे ठरते आहे. कुणाला यायचे असेल तर दर रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर आम्ही फाटकापाशी भेटतो. प्रत्येकाने तीन बाटल्या आणाव्यात आणि कसाऱ्याला भराव्यात, एवढी एकच अट. मावशींसाठी काय न्यावे यावर एकमत नाही. एकाला वाटते, मुलीसाठी वह्या. दुसरा म्हणतो, काही नेऊ नका, दारात थांबा आणि बसून बोला.

शनिवारी जव्हार, विक्रमगड, वाडा, भिवंडी असे उतरत आलो. कशेळीला खाडी ओलांडताना शेजारून जाणारे पाण्याचे प्रचंड नळ अंधारात दिसले. घरी पोहोचून सामान सोडले तेव्हा एकाच्या पिशवीत एक भरलेली बाटली निघाली. वाटेत जव्हारला, वाड्याला दुकानांतून पाणी घेतले होते, त्यामुळे मोखाड्याची ती बाटली तशीच राहून गेली होती. त्याने ती पाच दिवस ओट्यावर ठेवली. ओतून टाकायला हात होईना. शेवटी पवित्र गुरुवारी घरातल्या सगळ्यांना एकेक घोट दिला आणि ते कुठले पाणी आहे ते सांगितले.