आईचा एक दिवस

शास्त्रपाठ : अनुवाद ५:१२–१५, मार्क ६:३०–४६, लूक २:४१–५१



दहा आज्ञांपैकी चौथी आज्ञा आपल्या मंडळ्यांतील लहान मुलांसही तोंडपाठ असते. विसाव्याच्या दिवशी कोणी कोणी काम करू नये याची मोठी यादी तीत दिली आहे. मुलगा आहे, मुलगी आहे, दास आहे, दासी आहे. बैल, गाढव व इतर गुरेढोरे आहेत. वेशीच्या आत राहणारा परकाही आहे. ही यादी ऐकताना एखाद्या जाणत्या भगिनीच्या मनात सहज येईल की, बैलाचे नाव आले, गाढवाचेही आले. मग घरच्या बाईचे नाव कोठे आहे? हा प्रश्न खोडसाळपणाचा नाही. त्यावर आज आपण शांतपणे विचार करू.

आम्हांस असे दिसते की, तिचे नाव 'तू' या पहिल्याच शब्दात आले आहे. आज्ञेतला हा 'तू' केवळ घरधनी असता, तर साऱ्या घराला विसावा आणि एकट्या घरधनिणीला चूल, असा अर्थ झाला असता. ज्या देवाने गाढवाची आठवण ठेवली तो लेकरांच्या आईला विसरला, असे म्हणण्यास कोण धजेल? आई यादीत नाही, कारण ज्यांच्याशी देव बोलत आहे त्यांतच ती उभी आहे. यावरून दोन गोष्टी निघतात. पहिली ही की, आईने विसावा घ्यावा ही नवऱ्याची मेहेरबानी नव्हे, सासूची सवलत नव्हे. ती देवाची आज्ञा होय. दुसरी ही की, आई विसावा घेते तेव्हा तिचे ओझे मुलीच्या डोक्यावर जाता कामा नये. कारण मुलीचे नाव तर यादीत स्पष्टच घातले आहे.

आता आपल्या घरचा रविवार कसा असतो तो पाहू. पुरुष दाढी करून, धुतलेला सदरा घालून, शास्त्र हाती घेऊन ओट्यावर बसतो. आईने पहाटे उठून पाणी भरलेले असते, भाकऱ्या थापलेल्या असतात, मुलांस न्हाऊ घातलेले असते. उपासनेत धाकटे रडू लागले की तीच उठून बाहेर जाते. म्हणून उपदेशाचा अर्धा भाग तिला दाराबाहेरून ऐकावा लागतो. उपासना संपल्यावर पाहुणे येतात, आणि पाहुणा बहुधा उपदेशकच असतो! ज्या दिवशी विसाव्यावर प्रवचन होते, त्याच दिवशी तिच्या चुलीवर दुप्पट स्वयंपाक असतो. उपदेशक बंधूंनो, हे आपल्यासाठीच लिहिले आहे. रागावू नका, विचार करा.

हे केवळ आमचे म्हणणे नव्हे. केंद्र सरकारने २०२४ साली लोकांच्या दिवसभराच्या वेळेची देशव्यापी पाहणी केली. घरातील बिनमोबदल्याचे काम करणाऱ्या स्त्रिया त्या कामात दिवसाला सरासरी २८९ मिनिटे घालवितात, आणि असे काम करणारे पुरुष ८८ मिनिटे, असे तीत आढळले. मुलाबाळांची व म्हाताऱ्याकोताऱ्यांची काळजी घेण्यात अशा स्त्रियांची १३७ व अशा पुरुषांची ७५ मिनिटे जातात, असेही दिसून आले. घरकामाची २८९ मिनिटे म्हणजे जवळजवळ पाच तास. सात दिवसांचा हिशेब केला तर तेहतीस तासांहून अधिक होतात. शिवाय शेतावरची खुरपणी व वेचणी निराळीच.

अमेरिकेतील ग्राफ्टन गावच्या मेथडिस्ट मंदिरात १९०८ साली मातृदिनाची उपासना झाली, आणि १९१४ पासून त्या देशात मे महिन्याचा दुसरा रविवार त्यासाठी ठरला. आता आपल्याकडेही कित्येक मंडळ्यांत त्या दिवशी आयांस फूल देतात. ही रीत चांगली आहे. परंतु फूल घेऊन ती घरी जाते आणि पुन्हा भांडी घासावयास बसते. आईस फुलापेक्षा एक दिवस दिला तर?

समजा, पैठण, गंगापूर, वैजापूर, कन्नड किंवा सिल्लोड तालुक्यातल्या एखाद्या गावची आई आहे. पूर्वी औरंगाबाद आणि २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर हे नाव असलेले शहर तिला अपरिचित नाही. मूल तापाने फणफणले तेव्हा त्याला कडेवर घेऊन ती तेथे गेलेली आहे; दाखल्यासाठी कचेरीच्या रांगेत उभी राहिलेली आहे; लग्नाचा बस्ता बांधावयासही गेलेली आहे. पण स्वतःसाठी, हात रिकामे ठेवून, ती तेथे कधी गेली नाही. १७ मार्च २०२३ पासून राज्य परिवहनाच्या गाडीत स्त्रियांस अर्धे तिकीट झाले. तेव्हा मंडळीतल्या दोघीतिघींबरोबर, मुले घरी ठेवून, ती एके दिवशी निघाली असे धरू. ती काय पाहील?

ती पाणचक्की पाहील. दूरच्या डोंगरातून मातीच्या नळांनी पाणी आणून, त्याच्या जोरावर जाते फिरविण्याची ही जुनी युक्ती आहे. तेथे फकिरांचे व वाटसरूंचे दळण होत असे. आपल्या आज्या पहाटे उठून जात्याचा खुंटा ओढीत, आणि येथे तर हात न लावता जाते फिरत होते! उंच भिंतीवरून हौदात पाण्याचा पडदा पडतो. मराठवाड्यातल्या बाईला पाणी म्हणजे डोक्यावरचा हंडा. टँकर आला की धावायचे, भांडे लावायचे, भांडायचे. येथे मात्र पाणी पडत आहे आणि तिला ते भरावयाचे नाही. केवळ पाहावयाचे आहे. शोमरोनी स्त्रीने विहिरीपाशी आपली घागर टाकून दिली, हे योहानाने मुद्दाम लिहून ठेवले आहे. घागर खाली ठेवल्याशिवाय काही आनंद मनात शिरतच नाहीत.

तेथून ती बिबीच्या मकबऱ्याला जाईल. औरंगजेबाची पत्नी दिलरस बानू बेगम हिची ही कबर. पाचवे अपत्य झाल्यावर महिनाभरात, १६५७ साली, ती वारली. केवढे बांधकाम, केवढे बाग, केवढी कारंजी! आमच्या मनात येते की, राजवाड्यातली असो की झोपडीतली, बाळंतपणाचा शीण सगळ्यांस सारखाच. मेलेल्या आईसाठी संगमरवर आणणे राजांसच परवडते. जिवंत आईस एक दिवस देणे मात्र मोलमजुरी करणाऱ्यासही परवडते. मग आपण ते का करीत नाही?

आणि दुपारी ती कोठेतरी सावलीत बसून जेवेल. दुसऱ्या कोणी रांधलेले, दुसऱ्या कोणी वाढलेले अन्न, गरम असतानाच, मध्ये न उठता खाईल. हे वाचून पुरुष हसतील. बायांस हसू येणार नाही.

"मुले टाकून बाई हिंडावयास गेली," असे गावात कोणी म्हणेलच. त्यांस आम्ही मार्काच्या सहाव्या अध्यायाकडे नेतो. प्रेषित गावोगाव उपदेश करून परत आले होते. इतके लोक येत-जात होते की त्यांस जेवावयासही सवड मिळेना. ही स्थिती कोणत्या आईस ठाऊक नाही? त्या वेळी प्रभूने त्यांस "अजून इतकी गावे राहिली आहेत" असे म्हटले नाही. एकांतात चला आणि थोडा विसावा घ्या, असाच त्याच्या बोलण्याचा भाव होता. सुवार्तेच्या कामातूनही जर प्रभू माणसांस एक दिवस बाजूस नेतो, तर चुलीच्या कामातून तो आईस का नेणार नाही? काम संपल्यावर विसावा, असा त्याचा नियम नाही. कारण काम तर कधीच संपत नाही.

पुढे काय झाले तेही वाचा. नाव काठाला लागते तो लोक तेथेही हजर. प्रभूस त्यांचा कळवळा आला, आणि विसावा राहून गेला. आईचेही असेच होते. मकबऱ्याच्या पायरीवर बसते न बसते तोच घरून फोन येतो : धाकट्याचा सदरा कोठे आहे? म्हणून तिने निराश होऊ नये. पाच हजारांस जेवू घातल्यावर प्रभूने समुदायास निरोप दिला आणि तो एकटाच डोंगरावर प्रार्थनेस गेला. एकदा हुकलेला विसावा त्याने सोडून दिला नाही, पुन्हा शोधला. तुम्हीही शोधा.

परंतु आईच्या मनाचा घोर वेगळाच असतो. ती म्हणते, "मी हसत होते आणि तिकडे लेकराला काही झाले असते तर?" अशा भगिनीने मरियेकडे पाहावे. वल्हांडण सणाहून परतताना ती एक दिवसाची वाट मुलावाचून चालली. येशू बारा वर्षांचा होता. तो सोबतच्या नातलगांत व ओळखीच्यांत असेल असे तिला वाटले. तो तेथे नव्हता. तिला परत फिरावे लागले, आणि तो सापडेपर्यंत तिच्या जिवात जीव नव्हता. तरी शास्त्र तिला निष्काळजी म्हणत नाही. पोटच्या गोळ्याला दिवसभर न पाहताही निर्धास्तपणे चालता येईल, अशी सोबत तिला होती. आमचा प्रश्न असा की, आपली मंडळी अशी सोबत आहे काय? आपल्या गावातली आई सकाळी मूल सोडून गेली, तर दिवेलागणीपर्यंत ते कोणाकडे सुरक्षित राहील? हे सांगता येत नसेल, तर उणीव आईच्या मायेत नाही; मंडळीच्या प्रीतीत आहे.

या गोष्टीत एक सावधगिरीही आहे. तो कोणाबरोबर तरी असेल, असे सर्वांस वाटले, म्हणून तो कोणाबरोबरच नव्हता. तेव्हा नुसते "कोणीतरी बघेल" असे म्हणून निघू नये. मुलाला कोण जेवू घालणार, औषध कोण देणार, हे नाव घेऊन ठरवावे. ते पहिले नाव बापाचे असावे. बापाने एक दिवस मूल सांभाळले तर तो आईवर उपकार करीत नाही. आपलेच मूल सांभाळतो. भाकरी थापता येत नसेल तर खिचडी शिजवावी. दहा वर्षांच्या मुलीस शाळा बुडवून घरी बसवू नये. तसे केले तर विसावा आईने घेतला नाही, तो मुलीकडून काढून घेतला असे होईल.

मंडळीच्या वडिलांनी व स्त्री-मंडळांनी एवढे तरी करावे. वर्षातून एक दिवस नेमावा. त्या दिवशी पुरुषांनी शाळेच्या किंवा मंदिराच्या आवारात मुले सांभाळावी, आणि ज्यांस तान्हे नाही त्या आयांनी मिळून कोठे तरी जावे. लांब जाण्याची गरज नाही, नदीकाठ चालेल. विधवेस व जिच्या घरी कोणी मदतीस नाही तिला आधी विचारावे, कारण ती स्वतः होऊन कधीच बोलणार नाही. आणि परत आल्यावर "किती पैसे उडविले?" असे न विचारता "काय काय पाहिले?" असे विचारावे.

भगिनींनो, त्या दिवशी मनात अपराधाची बोचणी लागली तर ती देवाची वाणी समजू नका. ज्याने तुम्हांस आई केले त्याने तुम्हांस आईपूर्वी आपले लेकरू केले आहे. संध्याकाळी गाडीतून उतरताना मुले धावत येऊन पदराला लोंबकळतील, आणि तुम्हांसही ती सकाळपेक्षा अधिक गोड वाटतील. विसाव्याचा हाही एक आशीर्वाद होय.

प्रार्थना : हे आमच्या स्वर्गातील पित्या, तू झोपत नाहीस व डुलकीही घेत नाहीस, म्हणून आम्हांस झोपता येते. आमच्या घरांतील थकलेल्या मातांस एक दिवस विसावा दे, आणि तो आमच्या हातांनी दे. त्यांची लेकरे आमच्यामध्ये निर्भय राहोत. प्रभू येशूच्या नावाने मागतो. आमेन.