मध्य कुठे असतो

सोण कोळिविसाची गोष्ट विहारात सांगतात तेव्हा ती बहुधा एका वाक्यात आटोपते: वीणेची तार फार ताणू नये, फार सैल सोडू नये. ऐकणारे माना डोलावतात, कारण ‘अति तेथे माती’ त्यांना आधीपासून पाठ असतं. नागपूरच्या आमच्या वस्तीतल्या विहारात मी ही गोष्ट लहानपणापासून ऐकली. आज माझं ठाम मत आहे की एवढीच सांगितली तर गोष्ट निम्मीसुद्धा सांगून होत नाही.

सोण चंपा नगरीच्या धनाढ्य घरातला, इतका सुकुमार की त्याच्या तळपायांवर लव होती असं ग्रंथ सांगतात. भिक्खू झाल्यावर राजगृहाजवळच्या शीतवनात त्याने चालत ध्यान करण्याचा असा सपाटा लावला की तळवे फुटले आणि वाट रक्ताने माखली. एवढं करून काही साधेना, तेव्हा त्याच्या मनात आलं, घरी परत जावं, संपत्ती आहे, दानधर्म करावा. अशा वेळी तथागत त्याच्याकडे आले. त्यांनी उपदेशाने सुरुवात केली नाही, विचारलं: घरी असताना तू वीणा वाजवायचास ना? तार फार ताणलेली असली की वाजायची का? फार ढिली असली की? आणि नेमकी लागली की? तिन्ही उत्तरं सोणने दिली. नेमकी म्हणजे किती, हे बुद्धांनी सांगितलं नाही. सांगता येण्यासारखं ते नव्हतंच. ते सोणच्या कानाला ठाऊक होतं आणि त्या कानाची त्याला आठवण करून देण्यात आली.

मग खरा प्रश्न उरतो. वीणेला कान आहे, पण जगण्याला कुठला कान आहे? मध्यावर आलो हे माणसाला कशावरून कळावं? समाधान वाटलं म्हणून? उत्साह वाटला म्हणून?

या प्रश्नाशी माझी खरी झटापट झाली ती एका टू-स्ट्रोक इंजिनामुळे. मी कोलोरॅडोत राहतो. 2006 साली यामाहाची बॅन्शी ही चार चाकांची एटीव्ही अमेरिकेत शेवटची विकली गेली, आणि त्या वर्षीची कोरी गाडी मी घेतली. 347 सीसी, दोन सिलिंडर, दोन कार्बोरेटर, पाण्याने थंड होणारं इंजिन, सुरू करायला किक, वेग द्यायला उजव्या अंगठ्याखालचा खटका. यामाहाच्या ज्या आरडी घराण्यातून हे इंजिन उतरलं, त्याच घराण्यातली 347 सीसीची राजदूत 350 आपल्याकडे 1983 पासून मिळू लागली होती. आमच्या गल्लीत एकाकडे ती होती. माझे बाबा एसटीच्या वर्कशॉपात होते, आणि ती गाडी नवी असताना तिच्या मालकाला ते बजावायचे, “लाडावलेलं इंजिन अन् मारलेलं इंजिन, दोन्ही शेवटी आमच्याचकडे येते.”

लाडावलेलं इंजिन बिघडतं, हे पुष्कळांना पटत नाही. नवी गाडी हळू चालवावी, एवढंच ऐकलेलं असतं. पण नव्या सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर मुद्दाम बारीक तिरप्या रेघा घासलेल्या असतात आणि पिस्टनच्या रिंगा त्या भिंतीशी घासून-घासूनच तिच्यावर नीट बसतात. रिंग भिंतीवर दाबली जाते ती मुख्यतः तिच्या पाठीमागे शिरणाऱ्या जळत्या वायूच्या दाबाने. चढ नाही, ओझं नाही, गाडी नुसती कुरवाळत चालवली, तर हा दाब पुरेसा तयार होत नाही. रेघांमध्ये तेलाचा चिकट थर भाजून बसतो, भिंत काचेसारखी गुळगुळीत होते आणि रिंगा मग कायमच्या बसायच्या राहतात. उलट पहिल्याच दिवशी पूर्ण वेग दिला तर ॲल्युमिनियमचा पिस्टन सिलिंडरच्या लोखंडी बाहीपेक्षा लवकर आणि जास्त फुगतो, बाहीला घासतो आणि इंजिन पकडलं जातं. म्हणून करायचं असं: आधी उभ्या गाडीवर इंजिन तापू द्यायचं, पूर्ण गार होऊ द्यायचं, मग पुन्हा तापवायचं. त्यानंतर वाटेवर नेऊन थोडा वेळ जोर द्यायचा, सोडायचा, पुन्हा द्यायचा. एकाच वेगावर खूप वेळ धरून ठेवायचं नाही. जोर आणि विसावा दोन्ही हवेत आणि एकापाठोपाठ हवेत. दोघांची सरासरी काढून दिवसभर मधल्याच वेगाने चालवली तर रिंगांना ना पुरता दाब मिळतो, ना इंजिनाला विसावा.

इथे मध्यम मार्गाबद्दलचा माझा पहिला गैरसमज सुटला. मध्य म्हणजे दोन टोकांमधलं कोमट पाणी नव्हे. सोणला बुद्धांनी ‘निम्मंच चाल’ असं सांगितलं नव्हतं.

दुसरी गोष्ट तेलाची. बॅन्शीला तेलाची वेगळी टाकी नाही. 24 भाग पेट्रोलला 1 भाग किंवा 32 ला 1, ज्याचं त्याचं मत असेल तसं, तेल पेट्रोलमध्येच कालवावं लागतं. नव्या मालकाला वाटतं, इंजिन कोरं आहे, जरा जास्त तेल घालू, तेवढंच संरक्षण. पण कार्बोरेटरमधल्या जेटच्या भोकातून ठरावीकच द्रव जातो. तेल वाढवलं की त्यातला पेट्रोलचा वाटा घटतो, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं आणि इंजिन जास्त तापतं. काळजी वाढवली आणि तापही वाढला. मुलांच्या बाबतीत आपण हे किती घरांतून पाहतो.

आता ट्यूनिंगकडे येतो, कारण माझा मूळ प्रश्न खऱ्या अर्थाने तिथे भेटतो. डेन्व्हर शहर 5,280 फुटांवर आहे, आपल्या कळसूबाईच्या माथ्यापेक्षा थोडंच खाली. मी ज्या वाटांवर जातो त्या दक्षिणेकडच्या सान हुआन पर्वतातल्या अल्पाइन लूपच्या. चांदीच्या खाणींच्या काळात वसलेलं सिल्व्हर्टन गाव 9,318 फुटांवर आहे आणि तिथून चढत इंजिनिअर पास ही खिंड सुमारे 12,800 फुटांवर. समुद्रसपाटीच्या मानाने डेन्व्हरला हवेचा दाब सुमारे 83 टक्के, खिंडीत सुमारे 62. कार्बोरेटरला यातलं काही कळत नाही. हवा विरळ झाली तरी तो पेट्रोल त्या प्रमाणात कमी करत नाही. खाली नेमकं लागलेलं मिश्रण वर रिच होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त होतं, इंजिन गुदमरतं, धूर सोडतं, प्लग काळा पडतो. म्हणून वर जाताना बारीक जेट घालायचा, गरजेप्रमाणे नीडलची खाच बदलायची. तोच बारीक जेट ठेवून डेन्व्हरला उतरलात तर मिश्रण लीन होतं, म्हणजे पेट्रोल कमी पडतं, आणि लीन झालेलं इंजिन पिस्टन जाळतं. डोंगरावर जो मध्य होता तो सपाटीवर घातक ठरतो. ॲरिस्टॉटलने मायलो या पैलवानाचं उदाहरण देऊन असंच म्हटलं आहे: दहा माप अन्न फार आणि दोन कमी म्हणून सहा माप सर्वांना योग्य, असं होत नाही. भिक्खूचा मध्य गृहस्थाने तसाच्या तसा घरी आणला तर काय होतं, हे मी ओळखीच्या घरांमधून पाहिलं आहे. दहा दिवसांच्या शिबिरातलं मौन घरी चालू राहतं आणि बायको स्वयंपाकघरात एकटी बोलत राहते.

पण या यंत्राने मला जे सगळ्यात मोठं शिकवलं ते लीन इंजिनाच्या वागण्यातून. पेट्रोल कमी पडू लागलं की इंजिन लगेच कुरकुरत नाही. उलट ते मोकळं होतं. धूर कमी होतो, आवाज टणक येतो, अंगठा जरा दाबला की गाडी उसळते. जळण्याच्या जरा अलीकडे ते सर्वांत उत्तम चालल्यासारखं वाटतं. म्हणजे मजा वाटणं हा मध्याचा पुरावा नाही. कित्येकदा तो कडेलोटाच्या अलीकडचा शेवटचा संकेत असतो.

माझा भाचा पुण्यात स्पर्धा परीक्षेची तयारी करत होता. फोनवर म्हणाला, “मामा, झोप कमी केल्यापासून डोकं जास्त चालतंय.” आवाजात धार होती, बोलणं भरभर. मला त्या आवाजात लीन इंजिन ऐकू आलं. मी त्याला अभ्यास कमी कर असं सांगितलं नाही, कारण ते त्याने ऐकलं नसतं आणि खरं म्हणजे ते योग्यही नव्हतं. मी म्हटलं, “बेटा, आज वाचलेलं परवा न बघता लिहून काढ, आणि किती उरलं ते मला सांग.” त्याने लिहून काढलं. उरलं होतं फार थोडं. मग त्याने स्वतःच झोप वाढवली.

इंजिनालाही असाच प्रश्न विचारावा लागतो. त्याची पद्धत कडक आहे. नवा प्लग लावायचा, लांब चढावर वरच्या गिअरमध्ये पूर्ण वेग द्यायचा आणि भर वेगात क्लच ओढून त्याच क्षणी इंजिन बंद करायचं. मग प्लग काढून चिनी मातीच्या भागावरचा रंग पाहायचा. पांढराफटक असेल तर लीन, ओला काळा असेल तर रिच, आणि मधला तपकिरी असेल तर बरोबर. महत्त्वाचं हे की इंजिन जागेवर संथ फिरू द्यायचं नाही. ते थोडा वेळ जरी रिकामं फिरलं तरी प्लगवर संथ चालीचा रंग चढतो आणि जोराच्या वेळचा पुरावा पुसला जातो.

यात मला साधनेचा एक नियम दिसतो, जो कुणी मला असा सांगितला नव्हता. माणसाने स्वतःला तपासायचं असेल तर निवांत संध्याकाळी, चहा पिऊन झाल्यावर तपासून उपयोग नाही. तेव्हा सगळेच तपकिरी दिसतात. राग आला त्या क्षणी, हाव सुटली त्या क्षणी, भर ओझ्याखाली थांबून पाहावं लागतं. सतिपट्ठान सुत्तात चित्त आसक्त किंवा द्वेषयुक्त असताना ते तसं आहे हे जाणावं असं जे सांगितलं आहे, त्यामागचं कारण मला इथे हाताला लागलं.

आणि धोका चढावर कमी, उतारावर जास्त. टू-स्ट्रोकमध्ये तेल पेट्रोलबरोबरच आत येतं. लांब उतारावर गिअरमध्ये असताना अंगठा पूर्ण सोडला तर चाकं इंजिनाला वेगाने फिरवत राहतात, पण पेट्रोल जवळपास बंद, म्हणजे तेलही बंद. ज्या वेळी काहीच करत नाही असं वाटतं त्या वेळी पिस्टन कोरडा घासत असतो. अशा वेळी क्लच ओढायचा आणि अधूनमधून हलका वेग द्यायचा. निवृत्त झालेल्या, कर्तव्यं संपली असं मानणाऱ्या माणसांना मी हे पुन्हापुन्हा सांगतो: घर आणि समाज तुम्हाला फिरवत राहणारच आहेत, तुम्ही आतून काही द्यायचं बंद केलंत तर झीज तुमचीच.

एक गोष्ट टाळून पुढे जाता येत नाही. टू-स्ट्रोक इंजिन पेट्रोलचा लक्षणीय भाग न जळताच बाहेर टाकतं, वर तेलाचा धूर. 2006 पासून अमेरिकेत एटीव्हींच्या धुरावर नियम लागू होऊ लागले आणि ते योग्यच झालं. वृक्षरेषेच्या वरची गवतं आणि शेवाळं चाकाखाली एकदा चिरडली तर सावरायला कित्येक वर्षं घेतात. हिंसेत मध्य नसतो. ‘थोडीशी’ म्हणून ती क्षम्य होत नाही. म्हणून मी आखलेल्या रस्त्याच्या बाहेर चाक नेत नाही, खिंडीत पोचल्यावर इंजिन बंद करतो, आणि मिश्रण नेमकं ठेवण्यात कसूर करत नाही. नेमकं मिश्रण हा केवळ पिस्टनचा प्रश्न नाही, तो त्या हवेचाही आहे.

नवी गाडी घेतलेले तरुण, त्यात मराठी मुलंही आली, मला विचारतात, “काका, कितीचा जेट घालू?” मी नंबर सांगत नाही. माझा नंबर माझ्या उंचीचा, माझ्या सायलेन्सरचा आणि त्या दिवशीच्या थंडीचा असतो. त्यांनी आणि तुम्हीही एवढं करावं: जरा मोठ्या जेटपासून सुरुवात करा, म्हणजे चूक झालीच तर रिचकडे होईल, कारण काळा प्लग पुसता येतो, वितळलेला पिस्टन पुसता येत नाही. जवळ दोन-तीन वेगळे जेट, एक कोरा प्लग आणि पाना ठेवा. चढावर थांबा, प्लग काढा, स्वतः पाहा, आणि उंची बदलली की पुन्हा पाहा.