काचेआडची हवा

गाडी धुतली जाते, कारण ती चारचौघांना दिसते. डॅशबोर्डच्या खणामागचा एसी फिल्टर कुणालाच दिसत नाही. श्वास मात्र त्याच्यातूनच येतो.

रिठदच्या शिवारात सोयाबीनची सोंगणी उरकली की मळणीचा हडंबा घरघरू लागतो. एका बाजूने सुडी आत जाते, दुसऱ्या बाजूने कुटार उडतं. वाशिम-रिसोड रस्त्यावरची गाडी काचा लावून त्या धुळीतून जाते आणि आतल्याला वाटतं, आपण सुटलो. पण गाडीतली हवाही त्याच शिवारातली. पुढच्या काचेखालच्या जाळीतून ती आत शिरते. मधे राखणीला असते ती फक्त कागदासारख्या तंतूंची, घड्या घातलेली एक चौकट.

वारा कमी झाला की पहिला संशय गॅसवर. “गॅस कमी झाला असन, भाऊ.” गॅस भरला जातो, पैसे दिले जातात, वारा तेवढाच राहतो. गारवा गॅसचा, वारा पंख्याचा. आणि पंख्याची वाट फिल्टरमधून जाते.

भरलेला फिल्टर धूळ अडवायचं सोडत नाही. तो वारा अडवायला लागतो.

बहुतेक गाड्यांत काम थोडक्यात होतं. खण रिकामा करायचा, दोन्ही कडा आत दाबून तो खाली सोडायचा, मागचं आडवं झाकण काढायचं. फिल्टर हळूच ओढावा, नाहीतर वर्षाची धूळ पंख्यात सांडते. बाहेर येतं ते नीट पाहावं. घडीघडीत काळ्या मातीची भुकटी, कडुनिंबाची वाळून काडी झालेली पानं, शेंगेच्या टरफलाचे तुकडे, पावसाळ्यात ओल धरलेल्या कोपऱ्यात बुरशीचा ठिपका. एसी लावल्यावर येणारा कुबट वास बहुधा इथलाच. सुगंधी डबी टांगून तो झाकला जातो, जात नाही. नवा बसवताना चौकटीवरचा बाण बघावा. वारा कुठून कुठे जातो ते तो सांगतो.

झटकून, धुऊन तोच परत बसवायची आपली काटकसर इथे कामाची नाही. बऱ्याच फिल्टरांच्या तंतूंवर विद्युतभार असतो. 2020 मध्ये घरोघरी माहीत झालेल्या एन-95 मास्कचंही तत्त्व तेच. बारीक कण त्या भारामुळे तंतूला चिकटतो. धुण्याने भार उतरतो, काँप्रेसरच्या झोताने तंतू विस्कटतात. फिल्टर पांढरा दिसतो, आणि धूळ आत येत राहते.

माणसाचा केस साधारण 70 मायक्रॉन जाड. 2.5 मायक्रॉनचा कण नाकाला कळतही नाही. तो थेट फुप्फुसाच्या तळाशी, वायुकोशांपर्यंत जातो. ज्या धुळीने शिंक येते, ती त्यातल्या त्यात बरी.

1981 ते 1987 या काळात स्पेनमधल्या बार्सिलोनात अधूनमधून एखाद्या दिवशी दम्याच्या रुग्णांनी दवाखाने एकाएकी भरून जात. माणसं दगावलीही. शोध घेता घेता ते दिवस बंदरात सोयाबीन उतरवण्याचे निघाले. तिथल्या एका कोठाराला धूळ धरणाऱ्या फिल्टरच्या पिशव्याच नव्हत्या. टरफलाची धूळ वाऱ्यावर शहरभर पसरायची. पिशव्या बसवल्या आणि त्या साथी थांबल्या. एवढ्या मोठ्या दुखण्याचा उपाय एवढाच होता.

ती माणसं आपापल्या घरात, रस्त्यावर होती. आपल्याकडचा मजूर हडंब्याच्या तोंडाशी उभा असतो. पुरुषांच्या तोंडाला रुमाल, बायांच्या तोंडाला पदर. रुमाल कुटार अडवतो, बारीक कण त्यातून सहज पार होतो. परतीच्या पावसात भिजलेली सुडी मळताना तर बुरशीही उडते.

हडंब्याजवळून गाडीने जाताना आतलीच हवा फिरवणारं बटण दाबावं. पुढे गेल्यावर ते सोडावंही. बंद गाडीत चार माणसांच्या श्वासाने कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि चालवणाऱ्याला सुस्ती येते.

फिल्टर किती किलोमीटरनंतर बदलावा हे गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं. काळ्या मातीच्या गावात किलोमीटरपेक्षा हंगाम मोजावा. सोयाबीनची मळणी संपली की बदलावा.

मळणी ठरवताना पोत्यामागचा दर ठरतो, डिझेल कुणाचं ते ठरतं, जेवण कुणाचं ते ठरतं. मास्कचा विषय निघत नाही. गाडीच्या एका फिल्टरच्या पैशांत टोळीपुरते एन-95 सहज येतात. दर ठरतानाच तेही ठरावेत. ते शेतमालकाने आणावेत, आणि हडंबा सुरू व्हायच्या आधी मजुरांच्या हाती द्यावेत.