सात गोल

खडकीतल्या एका हॉकी क्लबचा संघ सोळा वर्षांखालील स्पर्धेच्या अंतिम सामन्यात पाच-शून्य असा हरला. समोर शेजारच्या वस्तीचा संघ होता, आणि या दोन वस्त्यांमधली चुरस पोरांच्या आजोबांपासून चालत आलेली. तिसऱ्या गोलपर्यंत लोक नुसते ओरडत होते. चौथ्याला शिव्या सुरू झाल्या. पाचव्यानंतर गर्दीतून कुणीतरी म्हणालं, ‘‘गोली विकला गेलाय.’’ कोण म्हणालं, हे नंतर कुणालाच सांगता आलं नाही. पण संध्याकाळी चहाच्या टपरीवर त्यानं किती पैसे घेतले, याचा आकडासुद्धा लोक छातीठोकपणे सांगत होते.

हाच पोरगा मागच्या वर्षी उपांत्य सामन्यात पेनल्टी स्ट्रोक अडवून वस्तीच्या खांद्यावर बसून घरी गेला होता. आता त्यानं सरावाला येणं बंद केलं.

संघाचा सेंटर फॉरवर्ड वस्तीचा लाडका. त्याच्या पायात वेग होता, स्टिकवर चेंडू चिकटून राहायचा. तिसऱ्या दिवशी मैदानावर तो सगळ्यांसमोर प्रशिक्षकांना म्हणाला, ‘‘सर, दुसरा गोली बघा. यानं आपलं नाक कापलं.’’

सर रागावले नाहीत. त्यांनी कोपऱ्यातली गोलकीपरची बॅग उघडली आणि त्यालाच म्हणाले, ‘‘ये, बांध.’’

लेगगार्डचे पट्टे आवळताना त्याची बोटं दुखली. किकरमध्ये पाय जड झाले. घामानं आंबलेलं हेल्मेट डोक्यावर चढलं आणि बाजूचं दिसेनासं झालं. बारा फूट रुंद, सात फूट उंच गोल त्याच्या पाठीमागे उभा होता. रोज ज्यात तो चेंडू मारायचा तो गोल एवढा मोठा आहे, हे त्याला पहिल्यांदाच जाणवलं. सरांनी फुलबॅक आणि हाफ बाजूला काढले आणि पुढच्या फळीतल्या पोरांना सांगितलं, ‘‘दोघं-दोघं या. डीमध्ये आलात की मारा.’’

पहिला चेंडू त्याच्या डाव्या पायाजवळून गेला. दुसऱ्या वेळी तो पुढे धावला, तर समोरच्यानं शांतपणे बाजूच्याला पास दिला. तिसरा दंडाच्या आतल्या बाजूला, जिथं पॅड नसतं तिथं बसला आणि तो कळवळून खाली बसला. हॉकीचा चेंडू जेमतेम एकशेसाठ ग्रॅमचा, पण दगडासारखा टणक. कुणी हसलं नाही. पोरं येत राहिली, मारत राहिली. त्यानं दोन चेंडू अडवले, एक पोस्टवर लागला. बाकीचे आत गेले.

‘‘सात,’’ सर म्हणाले. ‘‘थांबा आता. किती पैसे घेतलेस?’’

पोरानं हेल्मेट काढलं. डोळे भरले होते. ‘‘सर, समोर दोघं आणि मी एकटा. मी काय करणार होतो?’’

‘‘बस,’’ सर म्हणाले. सगळी पोरं भोवती बसली.

‘‘१ डिसेंबर १९८२. दिल्लीच्या नॅशनल स्टेडियमवर आशियाई स्पर्धेचा अंतिम सामना, भारत विरुद्ध पाकिस्तान. पंतप्रधान इंदिरा गांधी सामना बघायला आल्या होत्या. त्या स्पर्धेच्या निमित्तानं देशात रंगीत टीव्ही आला होता, आणि ज्याच्या घरी टीव्ही त्याच्या घरी अख्खी गल्ली. दोन वर्षांपूर्वी आपण मॉस्कोला ऑलिम्पिक सुवर्ण जिंकलेलं, त्यामुळे आपण जिंकणारच, असं लोक धरून चालले होते. पण त्याच वर्षी जानेवारीत मुंबईत विश्वचषक पाकिस्ताननं जिंकला होता आणि आपण पाचवे आलो होतो, हे विसरून गेले. हसन सरदार, कलीमुल्ला, हनीफ खान अशी त्यांची पुढची फळी. पहिला गोल आपण केला. मग आपली बचावफळी उघडी पडत गेली आणि पाकिस्ताननं सात गोल केले. सात-एक.’’

‘‘गोली कोण होता?’’

‘‘मीर रंजन नेगी. त्यातले काही गोल त्यांना अडवता आले असते का? आलेही असते. पण मैदानावर अकरा जण होते आणि लोकांनी बोट दाखवलं एकाकडे. पाकिस्तानकडून पैसे खाल्ले, देश विकला, असं म्हटलं गेलं, छापलं गेलं. पुरावा कुणी मागितला नाही, कुणी दिला नाही. नेगी संघाबाहेर गेले ते कायमचेच.’’

सर थोडं थांबले. ‘‘बाकीच्यांची चूक मागचा सावरतो. फॉरवर्डचा चेंडू गेला तर हाफ आहे, हाफचा गेला तर फुलबॅक आहे. गोलीच्या मागे फक्त जाळी. म्हणून दहा जणांच्या चुका त्याच्या एकट्याच्या नावावर लागतात.’’

‘‘पण सर,’’ एक पोरगा म्हणाला, ‘‘धनराज सरांना तर लोकांनी कायम डोक्यावर घेतलं.’’

खडकीत धनराज पिल्ले यांचं नाव निघालं की पोरं सावरून बसतात. याच खडकीत, दारूगोळा कारखान्याच्या वसाहतीत, तुटक्या स्टिक बांधून खेळत तो माणूस वाढला आणि चार ऑलिम्पिक, चार विश्वचषक, चार आशियाई स्पर्धा आणि चार चॅम्पियन्स ट्रॉफी खेळला.

‘‘कायम?’’ सर म्हणाले. ‘‘त्याच्या वेगावर लोक जीव टाकायचे, हे खरं. पण तोच खेळाडूंच्या पैशासाठी, सोयींसाठी मोठ्यानं बोलायला लागला की भांडखोर ठरायचा. मैदानावरचा ज्याचा आवेश बघायला लोक तिकीट काढायचे, तोच आवेश मैदानाबाहेर त्यांना खुपायचा. डिसेंबर १९९८ ची बँकॉकची आशियाई स्पर्धा घ्या. १९६६ नंतर, बत्तीस वर्षांनी आपण सुवर्ण जिंकलं. कर्णधार धनराज. अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाशी बरोबरी झाली, आणि टायब्रेकरमध्ये आशिष बल्लाळनं स्ट्रोक अडवले. त्या संघाच्या गोलकीपरांना तयार करायला कोण होतं, माहीत आहे?’’

कुणालाच माहीत नव्हतं.

‘‘मीर रंजन नेगी. ज्यांच्यावर देश विकल्याचा शिक्का मारला, त्यांनी घडवलेल्या गोलीनं देशाला सुवर्ण मिळवून दिलं. आणि पुढचं ऐका. बँकॉकहून परतल्यावर काही दिवसांतच धनराज, बल्लाळ आणि आणखी काही खेळाडूंना संघातून वगळलं. बत्तीस वर्षांनी सुवर्ण आणणारा कर्णधार!’’

‘‘मग परत घेतलं?’’

‘‘घेतलं. २००० साली सिडनी ऑलिम्पिकमध्ये तो होता. पोलंडला हरवलं की आपण उपांत्य फेरीत. एका गोलनं आपण पुढे होतो आणि शेवटच्या मिनिटांत पोलंडनं बरोबरी केली. धनराज ढसाढसा रडला. त्याचे अश्रू पाहून कुणी म्हणालं, याला देशाची खरी कळकळ आहे. कुणी म्हणालं, कर्तबगारी दाखवायची तेव्हा नुसता रडतो. सामना तोच, माणूस तोच.’’

सेंटर फॉरवर्ड मान खाली घालून ऐकत होता. ‘‘असं का करतात लोक, सर?’’

‘‘आपण खेळाडूकडे फक्त खेळ मागत नाही, म्हणून. आपल्या वस्तीची इज्जत, जुनी भांडणं, घरातलं अपयश, सगळं त्याच्या स्टिकला बांधतो. तो जिंकला की आपल्याला वाटतं आपणच जिंकलो, म्हणून डोक्यावर घेतो. हरला की तेवढंच आपलं स्वतःचं हरतं आणि ते सोसवत नाही. खेळात हरलो हे मानणं जड जातं. कुणीतरी दगा दिला हे मानणं सोपं असतं. म्हणून चूक झाली की लोक बेइमानी शोधतात.’’

त्या संध्याकाळी सेंटर फॉरवर्ड गोलीच्या घरी गेला. काय बोलावं हे त्याला सुचेना. गोलीची आई म्हणाली, ‘‘जेवून जा.’’ दोघं जेवले. निघताना तो एवढंच म्हणाला, ‘‘उद्या सहाला. तुझी बॅग मी आणतो, लय जड आहे ती.’’ आणि चहाच्या टपरीवर थांबून तो मोठ्या माणसांना म्हणाला, ‘‘काका, पाचातले तीन गोल माझ्या हातून गेलेल्या चेंडूवर झाले. मीच मागे धावलो नाही. मी पण पैसे घेतले का?’’ टपरीवर कुणी काही बोललं नाही. त्यानंतर तो आकडा पुन्हा ऐकू आला नाही.

पुढच्या सामन्यात संघानं पहिल्या दहा मिनिटांतच गोल खाल्ला. कडेनं पुन्हा ओरड सुरू झाली. तेव्हा सेंटर फॉरवर्ड मधल्या रेषेवर उभा न राहता थेट गोलपर्यंत धावत गेला आणि त्यानं गोलीच्या पॅडवर स्टिकनं दोनदा टकटक केलं. मग एकेक करून सगळे गेले. तो सामना त्यांनी जिंकला नाही, बरोबरीत सोडवला. पण त्या दिवसानंतर त्या संघात गोल खाल्ल्यावर कुणी गोलीकडे रागानं पाहिलं नाही. आधी पाहिलं ते चेंडू कुठून सुटला याकडे.

२००२ साली मँचेस्टरच्या राष्ट्रकुल स्पर्धेत भारताच्या मुलींनी सुवर्ण जिंकलं, तेव्हाही नेगी त्यांच्या प्रशिक्षकांपैकी एक होते. २००७ साली ‘चक दे! इंडिया’ आला, त्यातल्या अभिनेत्रींना हॉकी शिकवली ती त्यांनीच. मग देशानं त्यांच्यासाठी टाळ्या वाजवल्या. पण ज्या वयात गोलीनं गोलात उभं राहायचं ती वर्षं कुठल्याही टाळ्यांनी परत आली नाहीत. संशय घ्यायला क्षण लागतो, आणि ज्याच्यावर तो घेतला त्याला तो फेडायला अर्धं आयुष्य जातं.

खेळाडूवर टीका जरूर करावी. पास चुकला, जागा सोडली, दम कमी पडला, हे म्हणण्याचा प्रेक्षकाला पूर्ण हक्क आहे. त्यातूनच खेळ सुधारतो. पण हातात पुरावा नसताना त्याच्या इमानावर बोट ठेवण्याचा हक्क कुणालाही नाही. ज्याला जिंकल्यावर ‘आपला’ म्हटलं, त्याला हरल्यावरही आपलाच म्हणायचं. एवढं ज्याला जमतं, तोच खरा चाहता.