व्यसनी रोग्याचे दुसरे दुखणे

अफूच्या फासात सापडलेल्या मनुष्यास सोडविण्यासाठी अफूच्याच जातीचे औषध द्यावे काय? हा प्रश्न अमेरिकेतील इस्पितळांत पुष्कळ वर्षे विचारिला जात आहे. एका बेडीतून काढून दुसरीत घालण्यासारखेच हे आहे, असे आम्हांसही प्रथम वाटले. परंतु वाचकहो, निवाडा घाईने करू नये.

त्या देशी असे घडते. हेरॉईन किंवा फेंटॅनिल टोचून घेणाऱ्याच्या हृदयाच्या झडपेत जंतू शिरतात, आणि तो इस्पितळात येतो. त्यास कित्येक आठवडे शिरेतून औषध हवे असते. पण लवकरच तलफ न भागल्याने अंग मोडते, घाम सुटतो, उलट्या व जुलाब होतात. ते असह्य होऊन तो उपचार अर्धवट टाकून निघून जातो. मग लोक म्हणतात, त्याला बरे व्हावयाचेच नव्हते! जो शेवटपर्यंत राहतो, त्याचे भय निराळे. नशेविना राहिल्याने शरीराची सवय मोडलेली असते. बाहेर पडून त्याने जुन्याच मापाने विष घेतले, तर श्वास बंद पडतो. निर्मळ झाला म्हणून ज्याला निरोप दिला, तोच दगावतो.

मेथडोन व ब्युप्रेनॉर्फिन ही औषधे त्याच कुळातील, हे खरे. पण ती सावकाश चढतात व पुष्कळ वेळ टिकतात. नेमाने घेणारा झिंगत नाही, तळमळतही नाही; कामधंद्यास जातो. अशांत मृत्यूचे प्रमाण सुमारे निम्मे होते. मधुमेही रोज इन्सुलिन टोचून घेतो, त्यास आपण इन्सुलिनचा दास म्हणत नाही. दास तो, ज्याचा दिवस विष मिळविण्यातच सरतो.

कायद्याचीही मौज पाहा. मॉर्फीन लिहून देणाऱ्या डॉक्टरासही व्यसनावर ब्युप्रेनॉर्फिन लिहून देण्यास वेगळी परवानगी लागे! ही अट २०२२ च्या अखेरीस उठली. इस्पितळांतील संकोच मात्र पुरता गेलेला नाही.

बॉस्टन येथे अन्य दुखण्यांसाठी दाखल झालेल्या १३९ व्यसनी रोग्यांवर झालेला एक अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. काहींना ब्युप्रेनॉर्फिन पाच दिवसांत कमी करीत बंद केले; काहींना ते खाटेवरच सुरू करून पुढील दवाखान्याशी जोडून दिले. दुसऱ्या गटातील शेकडा ७२ जण पुढील उपचारास लागले, पहिल्यातील शेकडा १२. सहा महिन्यांनी औषध घेत राहिलेले मात्र शेकडा १७ व ३ एवढेच. इतक्या थोड्यांसाठी एवढा खटाटोप कशास, असे कोणी म्हणेल. त्या सतरांतील एखाद्याच्या आईस आम्ही हे विचारू शकत नाही. आणि उरलेले त्र्याऐंशी पुन्हा आजारी पडून त्याच दारी येतील, तेव्हा त्यांना आधी झडपेविषयी विचारावे की तलफेविषयी, हे डॉक्टरांस ठरवावेच लागेल.