नाथसागराच्या हिशेबात नसलेली माणसं

पैठणच्या पाण्यावर मासेमारी सहसा एकट्याची नसते. एकाने वल्हं धरायचं, दुसऱ्याने जाळं सोडायचं, पहाटे दोघांनी मिळून ते ओढायचं. होडी निम्मी-निम्मी, जाळ्याचा खर्च निम्मा, रिकामी गेलेली रातही निम्मी. दोन मित्रांची जोडी हेच या धंद्याचं भांडवल. त्यातला एक चितेगावच्या कारखान्यात ठेकेदाराकडे लागला की दुसरा काही दिवस पोराला सोबत नेतो. पोराची शाळा बुडू लागली की होडी काठावर पालथी पडते. नोकरी एकाला लागते, धंदा दोघांचा सुटतो.

अशा माणसांना ‘काळाबरोबर बदला’ हा सल्ला सहज दिला जातो. ती बदलत आलीच आहेत. मासेमारी करणाऱ्या या भोई-कहारांच्या पूर्वजांनी पालख्या वाहिल्या, नदीत मासे धरले, उन्हाळ्यात वाळूत टरबूज-खरबुजाच्या वाड्या लावल्या. १९६५ साली लालबहादूर शास्त्रींनी पैठणला जायकवाडीची पायाभरणी केली, १९७६ साली इंदिरा गांधींच्या हस्ते धरणाचं लोकार्पण झालं. वाळू पाण्याखाली गेली आणि वाहत्या पाण्यातले मच्छीमार नाथसागर या सुमारे साडेतीनशे चौरस किलोमीटरच्या जलाशयावर आले. खोल पाण्याची जाळी, वाऱ्याची वेळ, रोहू-कटल्याच्या जागा, सगळं ते नव्याने शिकले.

बदलला नाही तो पाण्याचा हिशेब. जायकवाडीची क्षमता सुमारे १०२ टीएमसी. त्यात शेतीचा वाटा आहे, शहराच्या पिण्याचा आहे, उद्योगांचा आहे. १९८६ पासून तिथे पक्षी अभयारण्य आहे. नगर-नाशिकच्या धरणांतून पाणी मिळावं म्हणून मराठवाडा समन्यायी वाटपाच्या कायद्याचा आधार घेऊन लढला, आणि ते योग्यच होतं. पण त्या भांडणातही मासा कुणाच्या तोंडी आला नाही. २०१६ च्या उन्हाळ्यात उपयुक्त साठा शून्यावर गेला, तेव्हा बातम्या टँकरच्या आणि पिकांच्या होत्या. पाणी आटलं की उरलेल्या डोहात मासा दाटतो, चार दिवस जाळी भरतात; मात्र अंड्यावरची मादीही त्यातच जाते आणि पुढची सालं कोरडी जातात.

आता जलाशयावर सुमारे १२०० मेगावॉटचा तरंगता सौर प्रकल्प येऊ घातला आहे. त्याविरुद्ध पैठणची कहार समाज पंच कमिटी हरित लवादात गेली. सप्टेंबर २०२४ मध्ये लवादाने आणि मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिचं म्हणणं फेटाळलं. मला या प्रकरणात सर्वांत जास्त खुपतं ते हे, की अर्जदार मच्छीमार समाजाचे असूनही युक्तिवादाचा भर अभयारण्याभोवतीच्या पर्यावरण-संवेदनशील क्षेत्रावर होता. पक्ष्यांसाठी अधिसूचना आहे. जाळं टाकणाऱ्याकडे फार तर परवाना असतो, आणि परवाना म्हणजे हक्क नव्हे.

सौरऊर्जा हवी, याबद्दल वाद नाही. पण धरणासाठी जमीन गेली तेव्हा सातबारावर नाव असलेल्याला मोबदला मिळाला. पाण्याला सातबारा नसतो, म्हणून पाण्यावर जगणाऱ्याचं नुकसान मोजायचंच नाही, हा अन्याय आहे. एप्रिल २०२५ मध्ये राज्याने मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा दिला. तो दर्जा खरा असेल, तर प्रकल्पाचा पहिला तराफा पाण्यात उतरण्याआधी नाथसागरावरच्या प्रत्येक होडीची आणि तिच्यावरच्या दोन्ही माणसांची नोंद व्हावी, जाळ्यांसाठी किती पाणी मोकळं राहील हे लेखी ठरावं, आणि जे पाणी झाकलं जाईल त्याची भरपाई त्या दोघांना मिळावी.