उपऱ्याचा दुसरा अर्ज

नागरिक कोणास म्हणावें, हा प्रश्न केवळ राज्यशास्त्राच्या ग्रंथांतच विचारला जातो असें नाहीं. टार्न व झॅक ॲडम्स या अमेरिकन बंधूंनीं रचलेल्या आणि २००६ सालीं प्रथम प्रसिद्ध झालेल्या ‘ड्वार्फ फोर्ट्रेस’ या संगणकावरील खेळानेंही तो आपल्या परीनें विचारला आहे. खेळांतल्या गोष्टीवरून एवढा काथ्याकूट कशाला, असें कोणी म्हणेल. परंतु खेळाचे नियम माणसेंच करतात, आणि नियम करतांना आपल्या मनांतील न्यायान्यायाच्या कल्पना नकळत सांगून जातात.

सात बुटके एका डोंगरापाशीं येतात, दगड पोखरून आंत घरें, कोठारें व मद्याच्या भट्ट्या करतात आणि हळूहळू तेथें किल्ला उभा राहतो. त्याची वार्ता मायदेशीं पोंचली कीं तेथून बुटक्यांचे तांडे येऊं लागतात. त्यांत साबण करणारा असतो, मासे धरणारा असतो; ज्याचा कोणासच उपयोग नाहीं असाही एखादा असतो. त्यांना कोणी कांहीं विचारीत नाहीं. आले कीं ते नागरिकच!

परक्यांची गोष्ट निराळी. २०१५ च्या अखेरीस या खेळांत पानगृहें, ग्रंथालयें व मंदिरें यांची सोय झाली आणि त्यांच्या ओढीनें मनुष्य व इतर जातींचे गवई, पंडित, भाडोत्री शिपाई, राक्षसांचे शिकारी असे पाहुणे येऊं लागले. ज्या जातीचीं सैन्यें किल्ल्याला वेढा घालतात तिच्यांतलाही एखादा कवि त्यांत असूं शकतो. कोणाचें मन रमलें तर तो राहण्याचा अर्ज करतो. तोही अमुक एका कामासाठींच. अर्जाचा निकाल सर्वस्वीं खेळणाराच्या हातीं. कारण देण्याचें त्याला बंधन नाहीं, आणि त्यावर दाद मागण्यास जागा नाहीं. मान्य झाला तरी अर्जदार नुसता रहिवासी. बराच काळ लोटल्यावर नागरिकत्वासाठीं त्यानें दुसरा अर्ज करावयाचा. आपल्या जुन्या गांवगाड्यांतील मिरासदार व उपरी यांची येथें आठवण होते.

येथवर नवल कांहीं नाहीं. जगाची रीतच आहे ती. नवल आहे तें पुढेंच. रहिवाशाला किल्ल्याचें साधें काम सांगतां येत नाहीं. गवयानें गावें, पंडितानें ग्रंथ चाळावे. दगड वाहण्यास त्यांना लावतां येत नाहीं. भाडोत्री शिपायाला मात्र पथकांत घालून शत्रूपुढें उभें करतां येतें. म्हणजे किल्ल्यासाठीं त्यानें मरावें, पण त्याची भिंत रचूं नये! दुसरा अर्ज मान्य झाला कीं त्याला कोणतेंही काम सांगतां येतें. काल जो केवळ गवई होता तो आज पेरणी करतो, मेलेल्या शेजाऱ्याला मूठमाती देण्यास जातो.

हें ओझें वाढलें असें वरवर दिसतें. मला तें तसें वाटत नाहीं. पाहुण्याला आपल्या गुणाच्या बळावर राहावें लागतें. नागरिकाला गुण दाखवावा लागत नाहीं. साबण करणाऱ्या बुटक्याकडे कोणी कौशल्याचा पुरावा मागितला होता? विशेष असण्याच्या सक्तींतून सुटका होणें, चारचौघांसारखें सामान्य होण्याची मुभा मिळणें, हाच नागरिकत्वाचा मोठा लाभ आहे. तेथें पोंचण्यासाठीं मात्र परक्याला विशेष असावें लागतें, आणि जन्मानें आंत असलेल्याला नाहीं, हा यांतला अन्याय खेळानें झांकलेला नाहीं.

पहिला अर्ज नाकारण्यास कारणें असूं शकतात. किल्ल्यांत जागा मर्यादित, आणि खोटें नांव सांगून मौल्यवान वस्तु लांबविण्यास आलेलेही पाहुण्यांत असतात. दुसऱ्या अर्जाचें तसें नाहीं. मायकेल वॉल्झर यांनीं ‘स्फिअर्स ऑफ जस्टिस’ (१९८३) या ग्रंथांत हाच भेद केला आहे: परका आंत घ्यावा कीं नाहीं हें ठरविण्याची समाजाला पुष्कळ मोकळीक आहे, पण ज्याला आंत घेऊन ज्याच्या श्रमावर व्यवहार चालविला, त्याला नागरिकत्वाचें दार कायमचें बंद ठेवण्याची नाहीं. अथेन्सनें नेमकें तेंच केलें. तेथील परके रहिवासी वर्षाला बारा द्राख्मा कर भरीत, सैन्यांतही जात. मत मात्र त्यांना नसे. नागरिक कोण याचें विवेचन करणारा ॲरिस्टॉटल स्वतः तेथें असाच परका होता! इ. स. पूर्वीं ४५१ सालीं पेरिक्लीजनें आईबाप दोन्ही अथेन्सचे असलेलाच नागरिक, असा कायदा केला. पुढें त्याचे औरस पुत्र साथींत मेले, तेव्हां परकी स्त्रीपासून झालेल्या मुलासाठीं त्यालाच अपवाद मागावा लागला. अथेन्सकरांनीं तो दिला. ज्यांचा बाप पेरिक्लीज नव्हता त्यांनीं कोणाकडे जावें?

खेळांत निदान दुसऱ्या अर्जाची वाट मोकळी आहे. तो मान्य केल्यावरही एक काम उरतें. मनुष्य नागरिक झाला तरी बुटक्यांच्या मापाचें चिलखत त्याला होत नाहीं. लोहाराला मोठ्या मापाचें निराळें घडविण्यास सांगावें लागतें. तें सांगावयाचें राहिलें, तर पुढच्या वेढ्याच्या वेळीं हा नवा नागरिक भिंतीवर उघड्या अंगानें उभा असतो.